मुंबई ते न्यूयॉर्क, जिद्दावरून

मुलगा न्यूयॉर्कला स्थायिक झाला की अम्मी-अब्बांच्या पहिल्या प्रवासाआधी घरात एक प्रश्न हमखास निघतो: जाता जाता उमरा होईल का? भिंतीवरचा नकाशा पाहिला तर उत्तर सोपे वाटते. मुंबईवरून बोट पश्चिमेला सरकवले की जिद्दा लागते, आणखी पुढे गेले की न्यूयॉर्क. म्हणजे जिद्दा वाटेतच!

ती वाटेत नाही. मुलांचा पृथ्वीगोल घ्या आणि मुंबई ते न्यूयॉर्क एक दोरा घट्ट ताणून धरा. दोरा अरबस्तानाकडे वळतच नाही. तो वायव्येला चढतो, कॅस्पियन समुद्राच्या उत्तर काठावरून रशिया, नॉर्वे, आइसलँड ओलांडतो आणि ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून अमेरिकेकडे उतरतो. गोलावरची सर्वांत जवळची वाट हीच. आता तेवढाच दोरा विषुववृत्तावर धरा. पूर्ण फेऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून तो थोडा कमी भरेल. फेरा सुमारे ४०,००० किलोमीटरचा, म्हणून हे अंतर साधारण १२,५०० किलोमीटर. संगणक हाच हिशेब दोन्ही विमानतळांच्या अक्षांश-रेखांशांवरून करतो.

हे गणित आपल्याला परके नाही. अल्-बीरूनीने १०२५ मध्ये गझनीत पूर्ण केलेल्या ग्रंथात शहरांचे अक्षांश-रेखांश आणि अंतरे यांवरून गझनीचा किब्ला काढला. न्यूयॉर्कमध्ये मुसल्ला ईशान्येकडे अंथरलेला पाहून आपली माणसे गोंधळतात, कारण नकाशात मक्का आग्नेयेला दिसते. तिथेही दोरा ताणून पाहावा.

आता उमऱ्याचा हिशेब. मुंबई ते जिद्दा सुमारे ३,५०० किलोमीटर, जिद्दा ते न्यूयॉर्क सुमारे १०,२००. बेरीज १३,७०० च्या आसपास, म्हणजे थेट वाटेपेक्षा बाराशे किलोमीटर जास्त. विमानाच्या वेगाने हा फरक दीड तासाचा. दुबईवरून गेले तर वळसा जेमतेम चारशेचा पडतो. पण तोच उमरा मुंबईहून वेगळा केला, तर जाऊन-येऊन सात हजार किलोमीटर होतात, आणि न्यूयॉर्कहून केला तर वीस हजारांच्या वर.

अर्थात विमान दोऱ्यावरून जात नाही. कुठल्या देशाचे आकाश बंद असते, कुठे वारा समोरून येतो. अमेरिकेकडे जाताना वारा बहुधा विरुद्ध असतो, म्हणून जाण्याला येण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. थेट विमानात पंधरा-सोळा तास एकाच खुर्चीत काढावे लागतात.

ज्यांचे गुडघे धरतात त्या वडीलधाऱ्यांसाठी मला अंतरापेक्षा हे बसणे महत्त्वाचे वाटते. पाच-साडेपाच तासांचा पहिला टप्पा, मग मक्का-मदिनेत आठ-दहा दिवस, मग पुढचा लांबचा टप्पा, ही विभागणी शरीराला सोसते. मात्र जिद्दात काही तासांचा थांबा घेऊन उमरा उरकण्याचा बेत करू नये. दमलेल्या म्हाताऱ्या माणसाला तवाफ आणि सई घाईत झेपत नाही. तिकीट काढतानाच मुक्कामाचे दिवस सांगावेत आणि व्हीलचेअर मागून ठेवावी. मीकात विमान आकाशात असतानाच ओलांडली जाते, त्यामुळे अब्बांनी इहरामच्या चादरी सामानात टाकू नयेत, हातातल्या पिशवीत ठेवाव्यात.