गोधडीतला डबा

दोस्तांनो, एक सांगा बरं. सहलीला निघताना तुमच्या घरी डबा कोण भरतं? "आई!" असं एका सुरात ओरडलात ना? ऐकू आलं मला. आमच्या घरीही तसंच होतं. मुलांनी बूट शोधायचे, गाडीत खिडकीजवळ कोण बसणार यावरून भांडायचं, आणि डबा मोठ्यांनी भरायचा. डब्यातलं सगळं मोठ्यांनाच कळतं, अशी माझी तेव्हा पक्की समजूत होती. ती कशी मोडली, ते आज सांगते. थोडी लाज वाटते सांगताना, पण सांगते.

गोष्ट १९९६च्या ऑगस्टमधली. तेव्हा आमचा गोंदिया जिल्हा झालेला नव्हता, आम्ही भंडारा जिल्ह्यात होतो. (वेगळा जिल्हा झाला १ मे १९९९ला.) पावसाने जरा उघडीप दिली होती आणि मुलांनी हाजरा फॉलचा हट्ट धरला होता. मुंबई-हावडा लाईनवर गोंदियाहून पूर्वेकडे निघालं, की आमगाव, सालेकसा, आणि मग दरेकसा. भाताच्या बांध्या मागे पडतात, डोंगर जवळ येतात, जंगल सुरू होतं. दरेकशाला उतरून पायी धबधब्यापर्यंत जाता येतं. आम्ही आठ जण होतो : मी, माझी वहिनी, आणि भाचे-भाच्या मिळून सहा पोरं.

डब्याचं काम मी अंगावर घेतलं. वहिनी म्हणाली, "ताई, पोळ्या करून घेऊ या का थोड्या?" मी म्हटलं, "कशाला? पहाटे उठून पोळ्यांची खटपट कोण करणार? मी एकच मोठा डबा मसालेभाताचा करते. भात आपल्या घरचा, पोरांना आवडतो. सोबत दही. झालं!"

आता माझी हुशारी ऐका. रात्री दहा वाजता मी मसालेभात केला. वाफा निघत असतानाच मोठ्या स्टीलच्या डब्यात दाबून भरला, झाकण घट्ट लावलं, आणि डबा जुन्या गोधडीत गुंडाळून ठेवला. का? तर दुपारी पोरांना कोमट कोमट भात मिळावा म्हणून! सकाळी डब्याला हात लावून पाहिला तर खरंच ऊब होती. मला कोण आनंद झाला!

निघताना पाहते तर चौथीतली चिंगी स्वतःचं दप्तर पाठीला लावून उभी. वह्या-पुस्तकं काढून तिने त्यात काहीबाही कोंबलं होतं. मी विचारलं तर म्हणाली, "मुरमुरे, फुटाणे आणि गूळ. डब्यात घातलंय आत्या, सादळणार नाही."

मी हसले. म्हटलं, "अगं, आपण काय दुष्काळात चाललोय? ठेव ते घरी."

तिने ठेवलं नाही. गाल फुगवले आणि दप्तर तसंच पाठीवर ठेवलं.

धबधबा काय सांगू तुम्हाला! पाणी असं कोसळत होतं की एकमेकांचं बोलणं ऐकू येत नव्हतं. दगड शेवाळलेले, म्हणून आम्ही लांबच बसलो. तिथे भूक लागते ती काही वेगळीच. बाराच्या सुमारास मी गोधडी सोडली, डबा उघडला. पाच वर्षांच्या बाळ्याला दम नव्हता, म्हणून त्याला आधी वाढलं. बाकीच्यांची पानं मांडेपर्यंत त्याने चार-पाच घास खाल्लेसुद्धा. मग मी माझ्यासाठी डाव घातला आणि हात थांबला. मसाल्याच्या वासाखाली दुसरा एक वास होता. आंबूस. बोटाने दाबून पाहिलं तर शीत चिकट लागलं.

मी बाळ्याच्या हातातला घास काढून घेतला. तो रडायला लागला. बाकीचे पाच जण माझ्याकडे बघत होते. दुकान नाही, टपरी नाही, परतीच्या पॅसेंजरला अजून खूप वेळ. तुम्हीच सांगा, मी काय बोलणार होते?

तेव्हा चिंगीने काही न बोलता दप्तर उघडलं. वर्तमानपत्राचा कागद पसरला, त्यावर मुरमुरे-फुटाणे ओतले, गुळाचा खडा दगडाने फोडला आणि सगळ्यांचे सारखे वाटे घातले. माझासुद्धा. "मी सांगितलं होतं ना" असं ती म्हणाली असती तर मला बरं वाटलं असतं. पण ती म्हणाली नाही.

बाळ्याला तिने एकही मुरमुरा दिला नाही. म्हणाली, "त्याच्या पोटात तो भात आहे ना, आत्या? मग राहू दे."

स्टेशनावर परत येईपर्यंत बाळ्याला उलटी झाली. मग दुसरी. गाडीत तिसरी. त्याचं ते पांढरं पडलेलं तोंड माझ्या डोळ्यांपुढून अजून जात नाही. समोरच्या बाकावरचे एक म्हातारे शेतकरी म्हणाले, "पोराले घोट घोट पाजा बाई, एकदम नका देऊ." आमच्याजवळ घरचं उकळलेलं पाणी होतं, तेच आम्ही चमच्या-चमच्याने पाजत राहिलो. घरी आल्यावर साखर-मिठाचं पाणी दिलं. त्याचं माप पाठच करून ठेवा : एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ जास्त नको हं. आणि त्याच संध्याकाळी डॉक्टरकडेही नेलं. दुसऱ्या दिवशी बाळ्या हसायला-खेळायला लागला. मी मात्र दोन दिवस वहिनीच्या नजरेला नजर देत नव्हते.

झालं काय होतं, ते मला नंतर वाचून कळलं. तांदळात बॅसिलस सीरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात. ते इतके चिवट, की भात शिजवला तरी मरत नाहीत, नुसते झोपून राहतात. भात गरमागरम असेल किंवा चांगला थंडगार असेल तर त्यांचं काही चालत नाही. पण भात तासन् तास कोमट राहिला, की ते जागे होतात, वाढतात आणि विष तयार करतात. असा भात खाल्ला की थोड्याच तासांत उलट्या. भात पुन्हा गरम केला तरी ते विष जात नाही. आणि दर वेळी वास येतोच असंही नाही. आम्हाला वास आला, हे नशीबच म्हणायचं. म्हणजे बघा, मी चौदा तास गोधडीत घालून त्या जिवाणूंचीच बडदास्त ठेवली होती!

आता चिंगीचे मुरमुरे का टिकले? तेही तांदळाचेच की! गंमत अशी, की मुरमुऱ्यात पाणीच जवळजवळ नसतं. भडभुंजा तांदूळ तापलेल्या वाळूत टाकतो, दाण्यातल्या पाण्याची वाफ होऊन ती जोराने बाहेर पडते आणि दाणा फुलतो. पाणी नाही तर जिवाणू वाढणार कसे? पोह्यांचंही तसंच. धान भिजवून, भाजून, मग चेपतात. म्हणून तर पोह्यांना चूल लागत नाही, नुसते भिजवले की खाता येतात. धानाच्या मुलखात जन्म काढून मला हे सुचलं नव्हतं. माझ्या आजीला माहीत होतं. गोंदियाहून जबलपूरकडे अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून छोटी गाडी जायची तेव्हाची गोष्ट. त्या गाडीचा प्रवास म्हणजे दिवसभराचं काम. (ती छोटी लाईन आता राहिली नाही, सगळी मोठी झाली.) आजीच्या पिशवीत दशम्या असायच्या, पाण्याऐवजी दुधात गूळ विरघळवून कणीक भिजवलेल्या. एका कापडात सातूचं पीठ असायचं. भात कधीच नसायचा. आम्हाला वाटायचं, आजी कंजूष आहे!

त्या सहलीनंतर आमच्या घरी एक कायदा झाला. डब्याची मुखत्यार चिंगी. तिने माझ्यावर काय काय अटी घातल्या! सगळं एका डब्यात भरायचं नाही, प्रत्येकाच्या पिशवीत थोडं थोडं द्यायचं, म्हणजे एक बिघडलं तरी सगळे उपाशी राहत नाहीत. पोळ्या निवल्याशिवाय डब्यात घालायच्या नाहीत, नाहीतर त्यांना घाम सुटतो. नुसतं खारट-तिखट न्यायचं नाही, पाणी पुरत नाही. पाणी घरूनच न्यायचं, ओढ्याचं कितीही नितळ दिसलं तरी. आणि शेवटची अट माझ्यासाठी खास होती : "आत्याने सकाळी उठायचं."

थंडीत नवेगावबांधच्या तळ्यावर जायचो, तेव्हा तर काम फारच सोपं. आमच्याकडच्या तळ्यांत शिंगाडे होतात, दिवाळीच्या आसपास बाजारात ढीग लागतात. शिंगाडा, केळं, उकडलेलं अंडं, यांचे डबे निसर्गानेच करून ठेवलेत. पोरांनी मातीत हात घातले तरी आतला घास स्वच्छ. फक्त शिंगाडे कच्चे खायचे नाहीत, घरीच उकडून न्यायचे. सालं मात्र पिशवीत परत आणायची. जंगलात खरकटं टाकलं की वानरं माणसांच्या मागे लागतात, पिशव्या हिसकावतात. आणि प्लॅस्टिकची पिशवी एखाद्या हरणाच्या पोटात गेली, तर त्याला साखर-मिठाचं पाणी कोण पाजणार? नवेगाव आणि नागझिरा मिळून २०१३मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला, आता तिथे नियम कडक आहेत. ते चांगलंच आहे. पण चिंगीने आमच्या पिशवीत कचऱ्याचं फडकं त्याच्या कितीतरी आधीपासून घातलं होतं.

आई-बाबांना एक विनंती आहे. पुढच्या सहलीला पोरांना एक डबा भरू द्या. चुकतील, गुळाबरोबर लोणचं बांधतील, बांधू द्या. त्यांना दोन गोष्टी आपल्यापेक्षा बऱ्या कळतात : पोरांना भूक केव्हा लागते, आणि खेळता खेळता एका हाताने काय खाता येतं. मसालेभात एका हाताने खाता येत नाही, हे मला पस्तिशीत कळलं.

चिंगीला आता स्वतःची मुलगी आहे, पाचवीतली. बाळ्या मोठा बाप्या झालाय आणि मसालेभात म्हटलं की अजून तोंड वाकडं करतो. गेल्या हिवाळ्यात आम्ही सगळे मिळून नवेगावबांधला गेलो. पहाटे स्वयंपाकघरात ती नात दशम्यांवर पंखा धरून उभी होती. कढत आहेत, म्हणून डब्याला हात लावू देईना. मी आपली पिशवी उचलली, तर तिने ती माझ्या हातातून घेतली आणि आत डोकावून पाहिलं.

"आजी," ती म्हणाली, "गोधडी तर नाही ना आणलीस?"