छप्पन एपीओचा संसार

ह्यांच्या नोकरीचा हिशेब फौजेच्या दप्तरात एका पानात मावतो. १९६३ साली मद्रासच्या ऑफिसर्स ट्रेनिंग स्कूलमधून कमिशन, महार रेजिमेंट, बदल्या, बढत्या आणि लेफ्टनंट कर्नल म्हणून निवृत्ती. कामरगावचं नाव त्या पानावर एकदाच येतं, कायमच्या पत्त्याच्या रकान्यात. मला लिहायचंय ते त्या रकान्याबद्दल. कारण ह्यांची सगळी नोकरी त्या पत्त्याच्या जिवावर झाली.

२० ऑक्टोबर १९६२ ला चीनने हल्ला केला तेव्हा हे अमरावतीला विदर्भ महाविद्यालयात होते. महिन्याभरात युद्ध थांबलं, यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. गावोगावच्या बायकांनी अंगावरचे डाग काढून संरक्षण निधीत दिले आणि कॉलेजातली पोरं इमर्जन्सी कमिशनचे फॉर्म भरू लागली. फौजेला अधिकारी कमी पडत होते. त्यासाठी पुण्याला आणि मद्रासला नवी ट्रेनिंग स्कूल उघडली. तोवर फौजेतला अधिकारी म्हणजे मोठ्या शहरातला, इंग्रजी शाळेतला मुलगा, अशीच आमच्याकडची समजूत होती. त्या एका लाटेने मास्तरांची, शेतकऱ्यांची मुलं वर्दीत नेली. वऱ्हाडातल्या कोरडवाहू घरात फौजी अफसर आला तो असा.

पण ते कमिशन ठरावीक वर्षांचं होतं. मुदत संपली की पुन्हा निवड मंडळासमोर उभं राहायचं, निवड झाली तर कायम, नाही तर घरी. ह्यांच्या बरोबरीचे कितीतरी जण तसे परतले आणि कुणी बँकेत, कुणी सरकारी कचेरीत लागले. आमची सोयरीक ठरत असताना माझ्या वडिलांनी त्यावरच बोट ठेवलं होतं, "मुदत संपल्यावर काय?" सासरे म्हणाले, "वावर हाये ना." एवढ्यावर लग्न जमलं. पुढे हे कायम झाले, पण तोवरची वर्षं आम्ही ‘वावर हाये’ याच आधारावर काढली.

तेव्हा कामरगाव अकोला जिल्ह्यात होतं, वाशीम जिल्हा १९९८ साली झाला. सागरला रेजिमेंटचं सेंटर. तिथे जायचं म्हणजे कारंज्याहून छोट्या लायनीच्या शकुंतला गाडीने मूर्तिजापूर, मग मोठ्या लायनीवर भुसावळ, इटारसी, बीना असं गाड्या बदलत. शकुंतला तेव्हा कोळशावर चालायची. नव्या नवरीचं पातळ मूर्तिजापूर येईपर्यंत काळ्या कणांनी भरून जायचं. सोबत ज्वारीचं पीठ, तुरीची डाळ, जवसाची चटणी आणि सासूबाईंनी जुन्या लुगड्यांची शिवलेली गोधडी.

फौजेतल्या बाईला पहिली विद्या शिकावी लागते ती सामान बांधण्याची. काळ्या पत्र्याच्या ट्रंका, त्यावर पांढऱ्या रंगात नाव, हुद्दा आणि युनिट. बढती झाली की जुना हुद्दा खरवडून नवा रंगवायचा. आमच्या एका ट्रंकेवर कॅप्टनखालचा लेफ्टनंट अजून दिसतो. तळाशी गोधडी, तिच्या घडीत काचेच्या बरण्या, बरण्यांच्या आत मोजे आणि मुलांचे स्वेटर, म्हणजे जागा फुकट जात नाही आणि काचही फुटत नाही. परातीत वाट्या, वाट्यांत मसाल्याच्या पुड्या. देव नेहमी हातातल्या पिशवीत, मालगाडीच्या डब्यात नाही. खुर्च्या-पलंग आपले नसायचेच. ते एमईएसचे, म्हणजे फौजेच्या बांधकाम खात्याचे, प्रत्येकावर नंबर घातलेला, घर सोडताना मोजून परत द्यायचे. एखाद्या गावात पडदे मापाला बसेपर्यंत बदलीचा हुकूम येई. मग पडदे उसवायचे, पुढच्या खिडक्यांना जोड लावून शिवायचे.

मुलांची शाळा मात्र सुटली नाही, याचं श्रेय सेंट्रल स्कूलला. १९६३ साली रेजिमेंटच्या वीस शाळा घेऊन ती सुरू झाली, आणि सगळीकडे एकच पुस्तकं असल्यामुळे बदलीच्या मुलांना वर्षाच्या मध्येही वर्गात बसता आलं. मराठी तेवढी मागे पडली. उन्हाळ्यात कामरगावला आल्यावर मुलगी आजीशी हिंदीत बोले आणि आजी तिला वऱ्हाडीत उत्तर देई. परतायच्या वेळी पोर "काहून?" विचारायला लागलेली असायची.

नोकरीचे दोन भाग, पीस आणि फील्ड. पीस म्हणजे कुटुंब सोबत. फील्ड म्हणजे हे काश्मीरला नाही तर नागालँड-मिझोरामकडे आणि आम्ही कामरगावला. पत्त्यावर गावाचं नाव नाही, फक्त युनिट आणि ‘केअर ऑफ ५६ एपीओ’, पूर्वेकडे असले तर ९९. कुठे आहोत हे त्यांनी लिहायचं नाही आणि आम्ही विचारायचं नाही. पत्रात थंडीचा उल्लेख आला की आम्ही डोंगर समजायचो, जळवांचा आला की जंगल. संध्याकाळी विविध भारतीवर जयमाला लागली की सासूबाई चुलीपुढून उठून ओसरीवर येत. गाण्यांशी त्यांना देणंघेणं नव्हतं. फर्माइश करणाऱ्या जवानांची नावं त्या ऐकत बसत, एखादं तरी ओळखीचं निघेल म्हणून.

३ डिसेंबर १९७१ ला युद्ध सुरू झालं तेव्हा मी दोन्ही मुलांना घेऊन गावातच होते. कापूस वेचणीचे दिवस. रेडिओपुढून मी हलत नव्हते. सासूबाईंनी दोन दिवस पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी ओटी माझ्या कमरेला बांधली. "तो तिकडं लढून राह्यला, अन् तू इथं रडून काय करशीन? चाल, कापूस वेचाले." मी गेले. त्या पंधरवड्यात पोस्टमन सायकलवरून दिसला की सगळं वावर थांबे, बाया हातातली बोंडं तशीच धरून उभ्या राहत. तार नाही, साधं टपाल आहे, हे त्याने दुरूनच हात हलवून सांगावं असं कुणीतरी ठरवून दिलं होतं. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली, दुसऱ्या दिवशी पश्चिमेकडचाही गोळीबार थांबला. गावात साखर वाटली गेली. आमच्या घरी मात्र पत्र आलं तेव्हाच गोड झालं. पत्रात चार ओळी होत्या. त्यातली एक, ‘कापूस किती झाला?’

महार रेजिमेंट १९४१ साली बेळगावला उभी राहिली. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यासाठी पाठपुरावा केला होता. म्हणून आमच्या युनिटात अकोल्या-बुलढाण्याकडचे जवान पुष्कळ. पहिल्यांदा जवानांच्या घरांच्या लाइनीत गेले तेव्हा त्यांच्या बायका पदर सावरून "मेमसाब" म्हणत दूर उभ्या राहिल्या. मी "कोन्त्या गावच्या व तुम्ही?" म्हटलं, आणि पाच मिनिटांत माझ्यापुढे भाकर आणि ठेचा आला. कॅप्टनीणबाईंनी लाइनीत जेवावं हे काहींना रुचलं नाही. मला ते आजही योग्यच वाटतं. यातल्या कितीतरी जणी नवऱ्याचं पत्र दुसऱ्याकडून वाचून घेत. दुपारी त्यांना अक्षरं शिकवताना मला फौजेतला एक कागद कळला, जो अधिकाऱ्यांच्या बायकांनाही फारसा माहीत नसतो. तो म्हणजे पार्ट टू ऑर्डर.

जवानाचं लग्न झालं, मूल झालं, की युनिटमधून ती नोंद पार्ट टू ऑर्डरने निघते आणि रेकॉर्ड ऑफिसला जाते. नोंद निघाली तर बाई फौजेच्या लेखी बायको. नाही निघाली, तर गावाने वरात पाहिलेली असूनही कागदावर ती कुणीच नाही. बालपणीच लग्न झालेल्या, नाव घरी एक आणि सासरी दुसरं असलेल्या बायकांचं तर फारच अवघड. तेव्हापासून लाइनीत नवी सून आली की तिला सही शिकवायची आणि नवऱ्याला नोंदीची आठवण करायची, हे मी सोडलं नाही.

आमच्या पिढीच्या घरांवर सगळ्यात मोठा घाव पडला तो १० ऑगस्ट १९८६ ला. जनरल अरुणकुमार वैद्य अलिबागचे. १९६५ मध्ये डेक्कन हॉर्स रेजिमेंट घेऊन पंजाबात लढले आणि १९७१ मध्ये बसंतरला, दोन्ही वेळा महावीर चक्र. सरसेनापतिपदावरून जानेवारीत निवृत्त होऊन पुण्याला राहायला आले होते. बाजारातून परतताना, स्वतः गाडी चालवत असताना त्यांना गोळ्या घालून ठार केलं. शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी भानुमतीबाईही जखमी झाल्या. कितीतरी घरांतल्या बायकांनी त्या दिवशी एकच गोष्ट बोलून दाखवली, की निवृत्ती म्हणजे आता हे घरी, आता धोका संपला, असं आपण धरून चाललो होतो. सासूबाई तेव्हा थकल्या होत्या. बातमी ऐकून त्यांनी विचारलं ते भानुमतीबाईंबद्दल, "तिच्याजवळ कोण हाये?"

हे निवृत्त झाल्यावर कुठे राहायचं यावरून घरात बरीच चर्चा झाली. बहुतेक फौजी मिलिटरी हॉस्पिटल आणि कँटीन बघून पुणं, नागपूर-कामठी असं घर करतात, आणि त्यांचं चुकत नाही. म्हातारपणी औषध लागतंच. ह्यांनी मात्र कामरगावला यायचं ठरवलं. मी आनंदाने आले. इतकी वर्षं या घराने आम्हाला दर वेळी एक खोली रिकामी ठेवून सांभाळलं होतं, धाकट्या दिरांनी वावर कसलं, जाऊबाईंनी माझी मुलं आपल्या ताटात जेवू घातली. ह्यांच्या छातीवरच्या फितींत त्या दोघांचा वाटा आहे, असं हे स्वतः शेवटपर्यंत म्हणत.

हे गेल्यावर मी एक काम हाती घेतलं, ते अजून चालू आहे. आसपासच्या गावांतून माजी सैनिकांच्या बायका, विधवा सुना पिशवीत कागद घेऊन येतात. कुणाच्या पीपीओमध्ये, म्हणजे पेन्शनच्या आदेशात, नाव चुकलेलं, कुणाची जन्मतारीख आधारवर एक आणि डिस्चार्ज बुकात दुसरी. नवरा हयात असेल तर मी दुरुस्तीचा अर्ज त्याच दिवशी करायला लावते, कारण त्याच्या सहीने जे सहज होतं ते त्याच्या मागे फार कठीण जातं. बाकी कागद जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात न्यायचे. सोबत डिस्चार्ज बुक, पीपीओ, लग्नाचा दाखला आणि सगळ्यांच्या दोन-दोन प्रती. येणाऱ्या प्रत्येकीला मी चहाच्या आधी एकच विचारते, "तुझं पार्ट टू ऑर्डर निघालं होतं का व?"