वर्षाचे किलोमीटर

यवतमाळ

ती. काकांस,


तुमचं पत्र पोचलं. साखर वाढली, डॉक्टरांनी हालचाल वाढवायला सांगितली आणि तुम्ही थेट गिअरची सायकल घेऊन आलात, हे वाचून घरात सगळ्यांनाच आनंद झाला. हौसेनं सायकल चालवणारी माणसं वर्षाला किती किलोमीटर करतात, कशासाठी करतात आणि त्यातलं आपल्याला किती जमावं, असं तुम्ही विचारलंत. आकडे देते, पण प्रत्येक आकड्यामागचा माणूसही बघा.

सगळ्यात वरचं टोक आधी सांगून टाकते, म्हणजे ते मनातून काढून टाकता येईल. इंग्लंडच्या टॉमी गॉडविननं १९३९ या एका वर्षात ७५,०६५ मैल, म्हणजे सुमारे १ लाख २० हजार किलोमीटर सायकल चालवली. दिवसाला सरासरी ३३० किलोमीटर! त्याच वर्षी महायुद्ध सुरू झालं, रात्री उजेड दिसू द्यायचा नाही असा हुकूम निघाला, तरी तो अर्धवट झाकलेल्या दिव्यावर अंधारात चालवत राहिला. पाऊणशे वर्षं तो आकडा कुणाला गाठता आला नाही. पुढे २०१६-१७मध्ये अमेरिकेच्या अमांडा कोकरनं ८६,५७३ मैल केले, तेही बहुतांश फ्लोरिडातल्या एका बागेत, सात मैलांच्या एकाच रस्त्यावर फेऱ्या मारून. त्याआधी काही वर्षं एका मोटारीनं तिला उडवलं होतं. त्या दुखण्यातून उठलेल्या मुलीला गाड्या नसलेला रस्ताच जवळचा वाटला असेल, तर त्यात नवल नाही.

आता आपल्याकडे या. इथे आकडा आधी ऋतू ठरवतात आणि मग माणूस. मार्च सरला की ऊन तापायला लागतं, मे महिन्यात पारा ४५ अंशांना भिडतो आणि सकाळी आठनंतर रस्ता नकोसा होतो. पावसाळ्यात शेतातली काळी माती ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर डांबरावर येते, टायरला धरते आणि मडगार्डमध्ये अशी बसते की चाक फिरेनासं होतं. मग काडीनं उकरत बसावं लागतं. खरा हंगाम ऑक्टोबर ते फेब्रुवारी. तेव्हा जिनिंगकडे जाणाऱ्या कापसाच्या गाड्या सुरू होतात आणि रस्त्याकडेच्या बाभळींवर पांढरे पुंजके अडकलेले दिसतात.

एवढं धरून हिशेब मांडा. आठवड्यात तीन सकाळी वीस-वीस किलोमीटर आणि रविवारी पन्नास, असे ११० झाले. लग्नकार्य, पाऊस, ऊन, सर्दी-पडसं वजा जाता वर्षाचे ४० आठवडे हाती लागतात. ४,४०० किलोमीटर. नोकरी-संसार सांभाळून नेमानं चालवणाऱ्याच्या वाट्याला साधारण इतकं येतं, आणि ते थोडं नाही. रविवारचे पन्नास म्हणजे आपल्याकडे कळंब. येऊन-जाऊन पंचेचाळीसच्या आसपास, गावातली एक फेरी जोडली की पन्नास. तिथलं चिंतामणीचं मंदिर जमिनीच्या पातळीखाली आहे. सायकल चालवून आलेल्या मांड्या त्या पायऱ्या उतरताना थरथरतात, तेव्हा आपण किती अंतर तोडलं ते कळतं. परतताना यवतमाळच्या पठाराचा चढ असतो. ग्रुपमध्ये कोण कुणासाठी थांबतं, तेही त्या चढावरच कळतं.

काहींना मात्र एवढ्यावर समाधान नसतं. ते ब्रेव्हे करतात. फ्रान्समधल्या ओदाक्स क्लब पॅरिसियनच्या नियमांनी जगभर होणाऱ्या या राईड आपल्याला नागपुरात करता येतात. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस तासांत, ६०० चाळीस तासांत. या चारही एकाच हंगामात पूर्ण केल्या की ‘सुपर रँडोनर’ म्हणवून घेता येतं. ही शर्यत नाही. पहिला-दुसरा नंबर नाही, वाटेतल्या ठरावीक ठिकाणी कार्डावर वेळेची नोंद करून घ्यायची आणि पुढे निघायचं. चारांची बेरीज १,५०० किलोमीटर आणि तयारीचे वेगळे, म्हणजे वर्षाचा आकडा सहज पाच-सहा हजारांपुढे जातो. त्यातले काही जण मग पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसचं स्वप्न बघतात. ही राईड पहिल्यांदा १८९१ साली झाली. हल्ली ती दर चार वर्षांनी होते. सुमारे १,२०० किलोमीटर, नव्वद तास. २०२३मध्ये भारतातूनही बरेच जण गेले होते, पुढची २०२७मध्ये आहे.

मला विशेष वाटतं ते या वेडात पडलेल्या डॉक्टरांचं. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५मध्ये ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ दोघांच्या संघात पूर्ण केली. पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत, जवळपास ४,८०० किलोमीटर. दोनच वर्षांनी आपल्या नागपूरच्या डॉ. अमित समर्थांनी तीच शर्यत एकट्यानं पार केली. एकट्यानं उतरणाऱ्यांना बारा दिवसांची मुदत असते, त्यांना ११ दिवस २१ तास लागले. एवढ्या लांबच्या शर्यतीत हातात उरलेले तीन तास म्हणजे एक-दोन डुलक्यांचा फरक. त्यांनी २०१८मध्ये मॉस्को ते व्लादिवोस्तोक ही नऊ हजारांहून अधिक किलोमीटरची शर्यतही पूर्ण केली. दिवसभर दुसऱ्यांचे रक्तदाब आणि साखर तपासणाऱ्या माणसाला आपल्या शरीराची हद्द कुठे आहे ते पाहावंसं वाटत असावं, असा माझा तर्क आहे.

पण काका, जिल्ह्यात सगळ्यात जास्त किलोमीटर करणारे यातले कुणीच नाहीत. पहाटे कॅन लावून रोज पंचवीस किलोमीटर फिरणारा एखादा दूधवाला वर्षाला आठ-नऊ हजार सहज करतो, आणि त्याच्याकडे मोबाईलवर नोंद करायला सवडही नसते. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात. चार किलोमीटरवरच्या शाळेत जाणारी अशी मुलगी शाळेचे २२० दिवस धरले तरी १,७६० किलोमीटर करते, दप्तर घेऊन, एकाच गिअरवर. हौसेच्या सायकलवाल्यांनी आपला आकडा सांगताना हे दोघे आठवणीत ठेवावेत, असं मला मनापासून वाटतं.

मग हौशी माणूस पहाटे अंथरूण का सोडतो? सुरुवात बहुधा तुमच्यासारखीच होते: साखर, वजन, नाहीतर धावणं न झेपणारे गुडघे. २०२०च्या टाळेबंदीनंतर तर सायकलींची मागणी इतकी वाढली की दुकानांत वाट बघावी लागत होती. पण आजाराच्या भीतीनं बाहेर पडलेला माणूस तीन-चार महिन्यांत ढेपाळतो. टिकतो तो, ज्याची कुणीतरी चौकात वाट बघत असतं. मोबाईलवरचे बॅज आणि महिन्याची आव्हानं यांनीही हुरूप येतो. मात्र आकडा पुरा करायचा म्हणून तापात बाहेर पडणारी माणसं पाहिली की मला राग येतो.

तुम्ही गणिताचे, म्हणून एक वेगळं माप सुचवते. खगोलशास्त्रज्ञ आर्थर एडिंग्टन सायकलवेडे होते. त्यांनी आपल्यासाठी एक संख्या शोधली होती: ती संख्या जितकी, निदान तितक्या दिवशी प्रत्येकी तितके मैल झालेले असले पाहिजेत. खगोलशास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखरांना लिहिलेल्या पत्रांतही ते या संख्येची खबर देत. पाव मैल कमी पडला म्हणून दोन राईड मोजता आल्या नाहीत, ही हळहळसुद्धा एडिंग्टननी चंद्रशेखरांना कळवली होती. तुम्ही किलोमीटर धरा. तीस वेळा तीस किलोमीटर झाले की तुमची संख्या तीस. एका दिवसात दोनशे करून ती फुगवता येत नाही, नेमानंच वाढवावी लागते. तुमच्या वयाला आणि प्रकृतीला हेच माप योग्य आहे, वर्षाच्या बेरजेच्या मागे लागू नका.

एक गोष्ट हातानं शिकून घ्या. आपल्या रस्त्यांवर बाभळीचा काटा चुकत नाही. पंक्चर काढलं की लगेच ट्यूब आत घालू नका. टायरच्या आतून हळूच बोट फिरवा, काट्याचं टोक रबरात मोडून राहिलेलं असतं. ते चिमट्यानं काढल्याशिवाय हवा भरली तर दहा मिनिटांत चाक पुन्हा बसतं.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी सकाळी साडेपाचला तुम्ही दारव्ह्याहून निघा, आम्ही इकडून निघतो. जिथे गाठ पडेल तिथे चहा घेऊ आणि आपापल्या गावी परतू. त्याआधी हेल्मेट आणि मागचा लाल दिवा आणा. गोळ्या चालू असताना वाटेत साखर उतरली तर काय खायचं, तेही डॉक्टरांकडून लिहून घ्या. काकूंना नमस्कार.

तुमची पुतणी