आखर

अकोल्यात गोरक्षण रोडच्या भागात माझं लहानपण गेलं. मूर्तिजापुरात गाडगेबाबांनी गोरक्षणाचं काम केलं, हे घरातली वडीलधारी माणसं आदरानं सांगत. आमच्याकडे गोरक्षण म्हणजे भाकड, थकलेल्या गाईंना सांभाळतात ती जागा. पुस्तकात 'गोठा' भेटला, पण तो परीक्षेपुरता. जनावरांच्या निवाऱ्याबद्दल एवढंच ज्ञान घेऊन मी मास्तर म्हणून सेमाडोहला गेलो.

परतवाडा-धारणी रस्त्यावरचं, सिपना नदीच्या काठचं हे गाव. १९७३-७४ पासून भोवतालचं सारं रान व्याघ्र प्रकल्पाचं. वर्गातली बहुतेक मुलं कोरकू. घरी कोरकू, बाजारात हिंदी, शाळेत मराठी. धड्यात गोठा आला आणि वर्ग गप्प झाला. हा शब्द मुलांच्या ओळखीचाच नव्हता. मला मात्र ती अभ्यासात कच्ची वाटली.

त्या संध्याकाळी मी शाळेमागे राहणाऱ्या म्हाताऱ्या गायकीबाबांकडे गेलो. गावाची ढोरं राखणाऱ्याला वऱ्हाडात गायकी म्हणतात, कोरकूंमध्ये ठाट्या. बाबांनी आधी कोठा दाखवला. घराला लागून, बांबूच्या तट्ट्यांना शेणमाती लिंपलेला, आत गव्हाण आणि खुंटे. वाघ-बिबट्याच्या मुलखात रात्री ढोरं उघड्यावर ठेवता येत नाहीत, म्हणून दार घट्ट. सकाळी ते मला गावाबाहेर घेऊन गेले. झाडाखाली मोकळी, खुरांनी तुडवून टणक झालेली जमीन. घराघरातून ढोरं तिथं येऊन उभी राहत होती.

"हे आखर," बाबा म्हणाले. "कोठा ज्याचा त्याचा हाय गुरुजी, अन् आखर म्हनजे सारं गाव."

इथं ना छप्पर, ना कूड, मग हा निवारा कसा, असं मी विचारलं. बाबा म्हणाले, "छप्पर नसलं तरी राखन हाय ना."

ते ढोरं मोजत नसत. प्रत्येकीकडे पाहत. कोणाची गाय आली नाही, कोणती लंगडते, कोणती आज-उद्या विणार, हे त्यांना उभ्या जागी कळे. न आलेल्या गाईच्या घरी निरोप गेल्याशिवाय कळप रानाकडे निघत नसे. कोंडवाड्याचं नाव काढलं की त्यांचा चेहरा उतरे. सरकारी कोंडवाडा १८७१ च्या कायद्याचा. तिथंही जनावराला चारापाणी मिळतं, पण ते गुन्हेगार म्हणून आत जातं आणि दंड भरल्यावर सुटतं. आपल्या राखणीतलं ढोर तिथं जाणं बाबांना जिव्हारी लागे.

त्यानंतर माझी हजेरी बदलली. गैरहजर मुलापुढे फुली मारून मी धडा सुरू करत असे, ते थांबलं. शाळा सुटली की त्या मुलाच्या घरी जाऊ लागलो. कोणी आजारी असे, कोणी धाकट्या भावंडाला सांभाळत असे. मास्तरकीतलं जे थोडं मला जमलं, त्याची सुरुवात त्या आखरावर झाली. अध्यापन पदविकेत मला हे सापडलं नव्हतं.

पुढे कोश चाळताना कळलं की गोठा हा संस्कृत 'गोष्ठ'वरून आला आणि आपली 'गोष्ट'ही त्याच घरातली. कोठा 'कोष्ठ'वरून. आनंद झाला, पण आखराचा अर्थ मला बाबांनी आधीच दिला होता.

बदली होऊन मी खाली सपाटीवर आलो. तिथल्या एका गावाच्या ग्रामसभेत आखराच्या जागेला 'रिकामी जागा' म्हटलं गेलं. ढोरं कमी झाली, गायकी उरला नाही, तेव्हा ती कोणाला तरी देऊन टाकावी असा सूर होता. मी उठून फक्त बाबांनी शिकवलं होतं तेवढं सांगितलं.

विदर्भातल्या गावांसाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये निस्तार पत्रकाची तरतूद आहे. गुरं चारण्यासारखे गावाचे सामाईक हक्क त्यात नोंदवतात. आखर असं 'रिकामी जागा' ठरू नये म्हणून आपल्या गावचं पत्रक तलाठ्याकडे मागून एकदा वाचा. त्यात आखराची नोंद नसेल, तर गावातल्या म्हाताऱ्या गायकीला सोबत घेऊन ग्रामसभेत जा, जागा कुठून कुठपर्यंत आहे ते त्याच्या तोंडून ऐका आणि ठरावात लिहून घ्या.