स्लॅबचं पाणी

आमच्या सौंदडात मे महिना आला की दोन कामं सोबतच सुरू होतात. बाया पहाटे तेंदूपत्ता तोडायला जंगलात जातात आणि गावात बांधकामं निघतात. खरिपाचा धान विकून हातात चार पैसे आलेले असतात, रोवणीला वेळ असतो, मजूर मोकळे असतात आणि मृग लागायच्या आत डोक्यावर छप्पर पाहिजे असतं. त्यामुळे गिट्टी, रेती, लोखंडाचं काम नेमकं नवतपाच्या तोंडावर येतं. सूर्य रोहिणी नक्षत्रात गेल्यावरचे, साधारण २५ मेपासूनचे ते नऊ दिवस. त्या दिवसांत दुपारी सळई हातात धरवत नाही.

मी दहावीची परीक्षा दिली त्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. आमच्या स्टेशनावर तेव्हा अजून छोट्या लाईनीची गाडी थांबायची. अक्षर बरं होतं म्हणून एका ठेकेदारानं मला हजेरी लिहायला ठेवलं होतं. माझा मावसभाऊ माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. मी त्याला दादा म्हणायचो. त्याच्या बहिणीचं लग्न ठरलं होतं. स्लॅबच्या दिवशी दीड हजेरी मिळते, हे मीच त्याला सांगितलं. महिनाभर घरात बसलेला माणूस एकदम स्लॅबवर आला. उन्हातला त्याचा तो पहिलाच दिवस.

मिक्सर पहाटे यायचा होता, तो आला दहाला. स्लॅब एकदा सुरू केला की मधेच सोडता येत नाही, असं आम्ही सगळेच मानत होतो. आधीचा माल सुकला की नवा माल त्याला धरत नाही, तिथं सांधा राहतो आणि पावसाळ्यात तिथूनच गळतं. म्हणून दुपारच्या उन्हात घमेल्यांची रांग चालू राहिली.

दोनच्या सुमारास दादा माझ्याजवळ आला. म्हणाला, "बाबू, जरा बसतो रे. डोकं गरगरते."

मी वहीतून मानही वर केली नाही. "दादा, स्लॅब थांबत नाही. एवढा पट्टा होऊ दे, मग बस."

तो गेला. थोड्या वेळानं शिडीवर उभा राहून बैल सोडायला जातो म्हणू लागला. त्यांच्या घरी तेव्हा बैल नव्हते. सगळे हसले. मीही हसलो. मग तो शिडीच्या पायथ्याशी कोसळला.

अंग तव्यासारखं तापलेलं. कोणी कांदा फोडून आणला, कोणी नाकाला चप्पल लावायला धावलं, कोणी लोटाभर पाणी तोंडात घालू लागलं. आमच्यात एक वयस्क रेजा होती, सगळे तिला आत्या म्हणत. ती ओरडली, "तोंडात पानी नोका घालू, बेसुद आहे तो! आधी सावलीत घ्या!" स्लॅब झाकायला आणलेली बारदानं तिनं ड्रममध्ये बुचकळली आणि त्याच्या मानेला, काखेत, जांघेत लावली. ती गरम झाली की पुन्हा भिजवायची. दोघांना रिकामी घमेली घेऊन वारा घालायला लावलं. मग रस्त्यावर एक ट्रक थांबवून त्याला साकोलीला नेलं. वाटभर आत्या त्याच्या अंगावर पाणी ओतत होती.

दादा वाचला. पण उन्हाचं काम त्याला पुन्हा कधी झेपलं नाही. आता शिलाईचं दुकान चालवतो.

स्लॅब त्या संध्याकाळी पूर्ण झाला. मालकानं जेवणही दिलं. ठेकेदार म्हणाला, "तो दोनला गेला ना? अर्धी लिही." आणि ती अर्धी हजेरी मी माझ्या हातानं लिहिली.

पुढचे दहा दिवस स्लॅबला पाणी द्यायचं काम माझ्याकडे होतं. धानाच्या बांधीसारखे मातीचे बारीक बांध घालून त्यात पाणी भरून ठेवायचं. एरवी सात दिवस पुरतात, कोरड्या कडक उन्हात दहा तरी द्यावेच लागतात. मी रोज तीनदा वर चढून पाहायचो, कुठं सुकलं तर नाही. तेव्हा मनात यायचं, सिमेंटची एवढी काळजी घेतो आपण, आणि दादानं फक्त बसायचं म्हटलं होतं.

पुढे मीच मिस्त्री झालो, मग छोटी कामं घेऊ लागलो. दादाला काय झालं होतं, ते हळूहळू कळत गेलं. घाम सुकताना अंग थंड होतं. पण उन्हात कष्ट करताना आतून इतकी उष्णता निघते की घाम पुरा पडत नाही. अंग ४० अंशांच्या वर गेलं की मेंदूवर परिणाम होतो, माणूस बरळतो. आम्ही ज्यावर हसलो, ती शेवटची सूचना होती. आणि उन्हाची सवय अंगाला लागायला आठवडा-दोन आठवडे जातात. म्हणून नव्या माणसाला पहिल्या दिवशी थोडाच वेळ उन्हात ठेवायचा आणि रोज थोडं वाढवायचं. खिशातल्या कांद्यावर माझा राग नाही, पण त्याच्या भरवशावर कोणाला मी उन्हात ठेवत नाही.

दुसरी गोष्ट आत्यानंच सांगितली. मी एकदा विचारलं, बाया पाणी कमी का पितात? ती म्हणाली, "पिऊन जायचं कोठी, बाबू?" एवढी वर्षं रांजण भरून ठेवत होतो आणि हे कधी डोक्यात आलं नव्हतं. त्या दिवसापासून माझ्या कामावर सगळ्यात आधी तट्ट्याचा आडोसा उभा राहतो, मग मिक्सर येतो. बांधकाम मजुरांच्या १९९६ च्या कायद्यात पिण्याचं पाणी, संडास-मुतारी हे सगळं लिहिलेलं होतं. गावातल्या कामावर मात्र तो कायदा वाचून दाखवायला कधी कोणी आलं नाही.

आता आमचा स्लॅब पहाटे चारला दिव्याच्या उजेडात सुरू होतो. मोठा असेल तर सूर्य मावळल्यावर. दोघादोघांची जोडी असते; जोडीदार बरळला, अडखळला की दुसऱ्यानं ओरडायचं. मग सावली, पाणी, वारा आणि १०८ ला फोन. पाण्याच्या ड्रमजवळ ताक आणि मीठ-साखरेचं पाणी असतं. बसणाऱ्याची हजेरी कापत नाही.

एका इंजिनिअर साहेबांनी मला बरीच वर्षांनी सांगितलं की सांधा कुठं घ्यायचा हे नकाशा पाहून आधीच ठरवता येतं, आणि तिथं नीट थांबवलेला स्लॅब गळत नाही. म्हणजे त्या दिवशीही काम थांबवता आलं असतं. ते ऐकून मी थेट दादाच्या दुकानात गेलो. हजेरीचंही सांगितलं, इतकी वर्षं सांगितलं नव्हतं.

दादानं मशीन थांबवली. थोडा वेळ सुईकडेच पाहत राहिला.

"तुले तेव्हा कोनी सांगतलं होतं का?" तो म्हणाला. मग माठातून एक गिलास पाणी काढून माझ्यापुढे ठेवलं. "उन्हातून आला आहेस. आधी पी."