तीन तासांचे विमान, सोळा तासांची वाट

मुंबई ते दुबई हवाई अंतर सुमारे १९३० किलोमीटर आणि विमानाचा वेळ साधारण तीन तास. विचारले की कोणीही एवढे सांगतो. पण कैनाडच्या घरात बसून वाट पाहणाऱ्याला हा हिशोब पुरत नाही.

आम्ही कारकुनी करतो. त्यामुळे वस्तीत कोणाचा अर्ज असो की तिकीट, कागद आमच्याकडे येतो. गेल्या हिवाळ्यात शेजारच्या मावशी सकाळी सहाला वारल्या. धाकटा मुलगा दुबईत मिस्त्रीकामाला. जाणती मंडळी म्हणाली, "भाऊ, विमान तीन तासांचंच ना? मग दुपारी उचलू." आम्ही वहीच्या पाठकोऱ्या पानावर तास मांडले.

दुबईचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. आपले सहा, तेव्हा तिथे साडेचार. साहेब उठणार, रजा मिळणार, तिकीट काढणार. त्यात विमानाच्या तीन तास आधी हजर राहायचे. मुलाला दुपारी एकचे विमान मिळाले, म्हणजे आपले अडीच. मुंबईत उतरणार साडेपाचला. पासपोर्टचा शिक्का, मग अहमदाबाद हायवेची गर्दी, चारोटी नाका, डहाणू. घरी पोहोचायला रात्रीचे दहा!

मंडळींनी कागद पाहिला. दोघे बर्फाच्या लाद्या आणायला गेले. पाहुण्यांना निरोप दिले. सव्वादहाला मुलगा आला आणि त्याने आईचे तोंड पाहिले.

अशी वाट आपल्या समाजाने पूर्वीही पाहिली आहे. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. दिल्ली-मुंबई हवाई अंतर सुमारे ११५० किलोमीटर. आगगाडीला तेव्हा जवळजवळ एक दिवस-रात्र लागे. पार्थिव त्याच रात्री विमानाने मुंबईला आणले. ७ तारखेला दादरच्या चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले आणि लाखोंना अंत्यदर्शन घडले.

आज आपली मुले पोटासाठी परदेशी जातात. त्यांच्या घरच्यांनी चार गोष्टी आधीच लिहून ठेवाव्यात : तिथल्या घड्याळातला फरक, विमानतळावर हजर राहण्याची वेळ, विमानाचे तास आणि मुंबईहून घरापर्यंतचा रस्ता. मध्यरात्रीनंतर उतरणाऱ्याला लोकल लगेच मिळत नाही, हेही धरावे. दुबईतील कायद्याने आई किंवा वडील वारल्यास कामगाराला तीन दिवस भरपगारी रजा आहे, आणि त्याचा पासपोर्ट मालकाने अडकवून ठेवणे बेकायदा आहे. मुलाला हे जाण्यापूर्वीच सांगावे.

हा कागद कॅलेंडरशेजारी भिंतीला लावा. घरातल्या शाळकरी मुलीला तो वाचता आला पाहिजे. कारण ऐन वेळी मोठ्यांचे डोके चालत नाही.