आधी काढून ठेवलेले

दरवर्षी शाबान महिन्यात आम्ही दोघे नवरा-बायको जकातीचा हिशेब करायला बसतो. यंदा मात्र वही उघडायची टाळाटाळ चालली होती. सावेडीतल्या आमच्या छोट्या दुकानाची विक्री घटलेली, मुलीची फी भरायची. सोने मात्र साडेसात तोळ्यांच्या वर होते, वर्षही पूर्ण झालेले. म्हणजे अडीच टक्के फर्जच. तरी "ईदनंतर पाहू" असे आम्हीच एकमेकांना समजावले.

त्याच आठवड्यात शेजारच्या सिस्टरबाई चहाला आल्या. ख्रिस्ती, निवृत्त परिचारिका, एकट्याच राहतात. पेन्शन काढून त्या थेट आमच्याकडे आल्या होत्या. बोलता बोलता त्यांनी दहावा हिस्सा मोजून वेगळ्या पाकिटात घातला. त्यांच्याकडे याला दशमांश म्हणतात. "एवढ्यातून महिना निघतो का?" आम्ही न राहवून विचारले. त्या हसल्या. "उरलं तर देऊ म्हटलं, तर कधी उरतच नाही हो. आधी काढून ठेवलं, की बाकीचं पुरतं. देवाचे उपकार आहेत."

आम्ही गप्प झालो.

मग त्यांनी रेव्हरंड टिळकांचा विषय काढला. आपल्या नगरात राहिलेले कवी नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. १९१७ साली मिशनची पगारी नोकरी सोडून, देवावर भार टाकून त्यांनी 'देवाचा दरबार' सुरू केला. हातात पैसा आला की वाटून मोकळे. संसाराची ओढाताण मात्र लक्ष्मीबाईंच्या वाट्याला यायची, हे 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्यांना ठाऊक आहे. एकाच्या तवक्कुलची किंमत घरातल्या दुसऱ्याने मोजू नये, असे आम्हाला वाटते. आपल्याकडे आधी उंट बांधायचा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवायचा, अशी शिकवण आहे.

तरी मूळ गोष्ट जवळचीच. मत्तयच्या शुभवर्तमानात हजरत ईसा (अलै.) लोकांना आकाशातल्या पाखरांकडे पाहायला सांगतात. तिर्मिझीतल्या हदीसमध्ये आपल्या प्रेषितांनीही (स.) पाखरांचाच दाखला दिला आहे. ती सकाळी रिकाम्या पोटी निघतात, संध्याकाळी भरल्या पोटी परततात. निघावे मात्र लागतेच. हजरत ईसांविषयी सिस्टरबाईंची श्रद्धा वेगळी, आमची वेगळी. तो फरक राहणारच. पण रिझ्क देणारा वर आहे आणि हातातला पैसा ही अमानत आहे, एवढ्यावर आमची चहाची कपबशी एकच होती.

त्या रात्री आम्ही वही उघडली. दुसऱ्या दिवशी सराफाकडून सोन्याचे वजन करून आणले, रक्कम काढली आणि हकदारांपर्यंत पोचवली. फी दोन हप्त्यांत भरली.

विक्री अजून वाढलेली नाही. पण "अल्हम्दुलिल्लाह" म्हणताना आता जीभ अडखळत नाही.